हिमानीच्या अस्थी कोणाकडे जाव्यात याबद्दल

नायमेखन, नेदरलँड्स, रविवार, १२ मार्च २०१७.

सकाळी चहा घेतला. औषधं घेतली. हॉस्पिटलची बॅग भरली. कचऱ्याचा हिरवा डबा शेजारच्या बाईंना उद्या बाहेर ठेवायला सांगितला. दुपारी शुभदा आणि राजन उकिडवे, इथलं माझ्या ओळखीचं मराठी जोडपं, साक्षीला येणार आहेत, त्याआधी हे लिहून पुरं करायचं आहे. इथल्या कायद्याप्रमाणे असा कागद स्वतःच्या हाताने लिहावा लागतो.

मी चंद्रहास मोरेश्वर खांबेटे, वय अठ्ठावन्न, चिप तपासणीच्या कामातला इंजिनिअर, मूळचा पुण्याचा. माझी शुद्ध जागेवर आहे आणि कोणाचा दबाव नाही. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी परत आलो नाही तर खाली लिहिल्याप्रमाणे करावं.

१. घर आणि बचत यांचं डच मृत्युपत्र नोटरीकडे आहे. त्यात सगळं माझी धाकटी बहीण हिमानी हिच्या नावे होतं. ती नोव्हेंबरात गेली. नाव बदलायला गेलो तेव्हा नोटरीबाईंनी विचारलं, "मग आता कोण?" आता ते टोरांटोतल्या एका लहान नाट्यसंस्थेला जाईल. हिमानीला रंगमंचावर पहिल्यांदा बोलायचं काम त्यांनी दिलं होतं.

हे सांगायला हवं, कारण पुण्यात वेगळं सांगितलं जातं. हिमानी लग्न होऊन कॅनडात गेली. लग्न टिकलं नाही. ती कॉफीच्या दुकानात काम करत नाटकं करू लागली आणि नंतर टीव्हीवर गेली. तिकडे टोरांटोच्या रस्त्यावर कचरा पसरून त्याचं न्यूयॉर्क करतात आणि शूटिंग संपलं की उचलतात, हे तिनेच मला सांगितलं. तिला टॅक्सीवाल्याची बायको, नर्स, विमानतळावर रडणारी आई अशी कामं मिळत. आणि प्रेतं. ती प्रेत चांगलं करायची, म्हणून तिला पुन्हा पुन्हा बोलवायचे. "श्वास धरायचा नाही चंदू," ती म्हणायची. "धरला की छाती दिसते. सोडून द्यायचा आणि पुढचा घ्यायला विसरायचं."

२. तिची मेकअपची रंगपेटी शुभदाच्या मुलीला, सुरुचीला द्यावी. ती आर्नहेमला नाटकाचं शिक्षण घेते आहे. हिमानीने तिला इथल्या सोफ्यावर प्रेत व्हायला शिकवलं होतं. सुरुचीला मध्येच हसू फुटलं, तेव्हा हिमानी म्हणाली, "मेलीस ना गं? मग हसतेस काय! पैसे कापतील." पेटीतले रंग वाळले असतील. तरी द्यावी.

३. विनिपेगच्या नाटकासाठी तिला मिळालेलं पितळी मानचिन्ह सध्या स्वयंपाकघराचं दार अडवायला ठेवलं आहे. तीच तसं वापरायची. ते वर दिलेल्या नाट्यसंस्थेकडे पाठवावं.

४. आईचं तांब्याचं घंगाळ माझे थोरले बंधू विनायक यांना द्यावं. ते दाराशी आहे, त्यात छत्र्या आहेत. ते त्यांनी आंघोळीसाठीच वापरावं.

याचं कारण लिहितो. २०१४ साली हिमानीचा एका मालिकेतला फोटो मीनलवहिनींनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. शवागारातलं टेबल, गळ्यापर्यंत पांढरी चादर. खाली लिहिलं होतं, "ही आपली हिमानी ना?" विनायकदादा तिच्याशी बरीच वर्षं बोलत नव्हता. त्याने ना तिला फोन केला, ना मला. सरळ उठून डोक्यावरून आंघोळ केली आणि घरातल्या सगळ्यांना करायला लावली. संध्याकाळी पुण्याला हिमानीचाच फोन गेला. आई रडली आणि म्हणाली, "आता तुझं आयुष्य वाढलं गं." दादा म्हणाला, "आंघोळ झालीय. ती काही परत घेता येत नाही." हिमानी नंतर मला हसत म्हणाली, "मालिकेत शेवटी माझं नावसुद्धा नव्हतं रे. पण पुण्याने दखल घेतली."

पुढच्या वर्षी आई गेली. हिमानीचंही आयुष्य काही वाढलं नाही.

५. हिमानी गेल्या सप्टेंबरात आजारी होऊन माझ्याकडे आली. "तुझ्याकडे नदी आहे आणि तू बडबड करत नाहीस," म्हणाली. ती याच घरात गेली. इथे दहनाला दिवस लागतात, तोवर खाली विजेवर गार राहणारा पाट लावून माणसाला घरातच ठेवता येतं. ती पुढच्या खोलीत पाच दिवस होती. अंत्यविधीवाल्या बाई रोज येऊन पाहून जात. शुभदा विचारायची, "चंद्रहासदादा, जरा आडवे होता ना?" मी हो म्हणायचो. पहिले दोन दिवस मी तिच्या छातीकडेच पाहत होतो. तिचं काम मला माहीत होतं.

मी विनायकदादाला फोन केला. तो म्हणाला, "तिची आंघोळ आम्ही मागेच करून बसलोय." आणि ठेवला.

जानेवारीत पुण्याच्या एका वर्तमानपत्रात तिच्यावर लेख आला. कॅनडाच्या रंगभूमीवरची मराठी अभिनेत्री, वगैरे. मग दादाचाच फोन आला. अस्थी नाशिकला न्यायच्या, नंतर शोकसभा घ्यायची, हॉल बघून ठेवलाय.

मी विचारलं, "तू आंघोळ केलीस का?"

"किती वेळा करायची रे माणसाने?"

म्हणून लिहितो. हिमानीच्या अस्थी माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. मी नसलो तर जवळचा नातेवाईक म्हणून दादा त्या मागेल. त्या त्याला देऊ नयेत. माझंही दहन इथेच करावं आणि दोघांच्या अस्थी एकत्र वाल नदीत सोडाव्यात. नगरपालिकेची परवानगी लागली तर राजनने काढावी. दादा आला तर त्याला काठावर उभं राहू द्यावं. हातात काही देऊ नये.

६. माझी सायकल, अवजारं आणि पुस्तकं राजनने हवी ती घ्यावीत. सभा घेऊ नये. आमच्या दोघांचीही.

हे मी स्वतः लिहिलं, वाचून पाहिलं आणि साक्षीदारांसमोर सही केली.

चंद्रहास मोरेश्वर खांबेटे (सही)

साक्षीदार: राजन उकिडवे (सही), शुभदा राजन उकिडवे (सही)

नायमेखन, १२ मार्च २०१७

साक्षीदार गेल्यावर लिहिलेलं: सही करताना शुभदाने विचारलं, "आणि विनायकदादांनी आंघोळ केली, तर?" मी म्हटलं, तो करणार नाही. राजन म्हणाला, "मग तिच्या नावाची आंघोळ राहिलीच की."

उद्या सकाळी सातला बोलावलं आहे. आदल्या दिवशी आंघोळ करायला हॉस्पिटलने सांगितलंच आहे. घंगाळातल्या छत्र्या काढून भिंतीला लावून ठेवल्या. घंगाळ चिंचेने घासलं. न्हाणीत ठेवून त्यात गरम पाणी सोडलं आहे, भरत आलं असेल. तांब्या सापडत नाही, स्वयंपाकघरातलं पातेलं घेतो. दादाच्या वाटची करायची आहे, डोक्यावरून.