मोटारसायकल हिराला, फडकं महिपतीला

सगळ्यांत आधी आला तो माझा मुलगा महिपती. चपला न काढताच पडवीत शिरला, अन् मागून त्याचा लोणावळ्याचा हॉटेलवाला पाहुणा. ही गेल्या रविवारची गोष्ट. पण मृत्युपत्रात आधी अक्कल ठिकाणावर आहे असं लिहायचं असतं म्हणे, तर लिहिते : मी मुक्ताबाई अंबाजी पडवळ, वय चौऱ्याहत्तर, राहणार कुरवंडे, शाळा दुसरीपर्यंत. शुद्धीत आहे, कुणाच्या धाकात नाही. उलट आज लय खुशीत आहे.

१. मालकांची जुनी मोटारसायकल. ते गेल्यावर तिचे कागद माझ्या नावावर झाले. टाकीच्या झाकणाची खिट्टी ढिली, म्हणून झाकण फडक्यानं बांधलेलं. महिपतीला दहा वर्षं सांगितलं, खिट्टी बघ. म्हणायचा, "भंगाराला कशाला नटवती?" आता हॉटेलच्या दारात मांडायला गिऱ्हाईक मिळालं, तर ढिलं झाकण दिसू नये म्हणून पठ्ठ्यानं ते गोंदानं चिकटवलं! पाहुणा म्हणाला, "चालू करून दाखवा." पेट्रोलची बाटली हातात, झाकण उघडेना. मला हसू आवरंना.

"आये, पाहुण्यापुढं लाज काढती व्हय?"

"तू डकवलीस, मी कशाला काढू?"

जाताना पाहुण्याला म्हणतो, "आयचं काय, अंगठा घेऊ." मला सही येते हे त्याला ठाऊक आहे. गाडी विकायची का, हे मला विचारायची गरज वाटली नाही, एवढंच.

सोमवारी लेक हिरा वराळ्याहून आली. तिथं कारखान्यात काम करते. गरम पाण्याच्या बोळ्यानं गोंद सोडवला, आतली पत्ती बसली होती ती पकडीनं वाकवली, नवी पिन घातली. खट्ट! "आई, आता तू लाव." मी वीस वेळा उघडलं, वीस वेळा लावलं. मालकांनी हयातीत गाडीला हात लावू दिला नाही. बघा म्हणावं आता.

ती मोटारसायकल मी कालच, जिवंतपणी, हिराला दिली. वराळ्याला पोचली. तिच्यावर कुणी हक्क सांगू नये.

२. हे घर माझ्या वडिलांनी मला दिलेलं, माझ्या नावावरचं. माझ्यामागं हिराचं. कारण लिहिते. मालक गेल्यावर वडगावला हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली, सगळं शेत महिपतीला गेलं. पेन धरून ती माझ्याकडं बघत राहिली. "कर बाई, माहेर तुटंल," हे मीच म्हणाले. भावानं साडी दिली, तीही त्याच्या बायकोनं नापसंत केलेली. माहेर तरी कुठं राहिलं? सहा वर्षं भाऊबीजेचं बोलावणं नाही. हिरा कधी बोलली नाही, ते मला जास्त लागतं.

३. महिपतीला झाकणाचं फडकं. धुऊन, घडी घालून ठेवलंय. शेत त्याला पोचलेलंच आहे.

४. माझ्या दहाव्याला त्या पाहुण्याच्या हॉटेलातून काही आणू नये. त्याचा वडा मी खाल्लाय.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, वाचून पाहिलं, मग या दोघांदेखत सही केली.

सही : मुक्ताबाई अंबाजी पडवळ

साक्षीदार : नंदाबाई कडू, शेजारीण. महंमद तांबोळी, दुकानदार.

कुरवंडे, गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

ता. क. : महिपती आणि पाहुणा येत्या रविवारी, २३ तारखेला, सकाळी दहाला टेम्पो घेऊन परत येतो म्हणून सांगून गेलेत.