खांबांवरचं घर

१२ ऑगस्ट
घर बघितलं. घेणार!
उंच खांबांवर उभं आहे, खाली ट्रक मावतो. खिडकीतून खाडी दिसते, तिच्यापलीकडे आखात. मालक आल्सीद म्हातारा, जन्म कोळंबीच्या बोटीवर गेला. आता मुलीकडे राहायला चाललाय, समुद्रापासून लांब. "कुठला रे तू?" केंटकी म्हटलं. "म्हणजे डोंगऱ्या. पोहता येतं?" नाही म्हटलं. "जिना तरी चढता येतो ना?"

१३ ऑगस्ट
आईला फोन. "जमिनीवर घर घेणारे पाहिलेत. तू पाण्यात घेतोस?" मग नेहमीचं – छपरं झाली, तेलविहिरी झाल्या, आता जहाजांना वेल्डिंग, किती दिवस टिकशील? "तू एका जागी बस, मी कोंबड्या विकून तुझ्या दारात येते." कोंबड्या ती कधीच विकायची नाही. दोघंही हसलो.

१९ ऑगस्ट
बँक हो म्हणाली. आता विमा, मग सह्या. महिनाअखेरीच्या आत व्हायला हव्यात, तसा करार आहे. कामावर शिट्टी वाजवत होतो. फोरमन म्हणाला, पोरगी भेटली का? हो म्हटलं, जिना आहे तिला.

२४ ऑगस्ट
आखातात वादळ. नाव लोरेटा – आमच्या मावशीचं. आई म्हणाली, "मग येणारच. तिला कधी बोलवावं लागलंय?"
बँकेतली बाई म्हणाली, नाव मिळालेलं वादळ जाईपर्यंत कुणी नवा विमा देत नाही. विमा नाही तर कर्ज नाही. आणि शहरातला एकजण रोख पैसे घेऊन टपलाय. त्याला सुट्टीत मासे धरायला घर हवंय. त्याला ना कर्ज लागतं ना विमा.

२५ ऑगस्ट
ओक्लाहोमाहून जुन्या मुकादमाचा फोन – पवनचक्क्यांवर काम आहे, ये. माझी बॅग कायम भरलेलीच असते. तिच्याकडे बघत बसलो.

२६ ऑगस्ट
आल्सीदचा फोन. "डोंगऱ्या, हातोडी घेऊन ये."
खिडक्या झाकायच्या होत्या. जुनी प्लायवूडं घराखालीच रचलेली. भराभर ठोकली. म्हातारा खाली खुर्चीत बसून बघत होता. शेवटचा खिळा मारला तेव्हा म्हणाला, "छान. आता सगळी काढ."
प्रत्येक खिडकीचं प्लायवूड वेगळं! कोपऱ्यात चित्र – खेकडा, बगळा, कोळंबी – आणि तेच चित्र खिडकीच्या चौकटीवर. त्याच्या बायकोने काढलेली. ती आता नाही. मला वाटलं होतं पोरांच्या रेघोट्या.
पुन्हा ठोकली. मग त्याने फ्रीजर रिकामा केला. वीज गेली की सगळं सडणार, म्हणून कोळंबी, हरणाचं मटण, सॉसेज, सगळं एकाच टोपात. अख्खी गल्ली जेवायला. उद्या सगळ्यांनी पळायचंय, आणि हसून हसून माझं पोट दुखतंय.
रोखवाल्याचं विचारलं. "महिना संपला की बघू," म्हणाला. हसणं थांबलं माझं.

२८ ऑगस्ट
उत्तरेकडच्या एका शाळेत आलोय, वादळातून पळालेल्यांसाठी उघडलीय. आल्सीदची खाट माझ्या शेजारी. दुपारी पुन्हा मुकादमाचा फोन. म्हटलं, येता येत नाही, माझं घर वादळात आहे. 'माझं' कसं निघालं तोंडून! बरं झालं, म्हातारा झोपला होता.
तर डोळे न उघडताच म्हणाला, "पायऱ्यांना दर दोन वर्षांनी रंग लागतो. विसरू नकोस."

३० ऑगस्ट
लोरेटा पश्चिमेला वळली. घर उभं आहे. खालच्या पायऱ्या गेल्या, चिखल गुडघाभर, कुणाची तरी निळी होडी जिन्याला अडकलीय. काच एकही फुटली नाही.

१ सप्टेंबर
करार काल संपला. आज सकाळी रोखवाला आला. मी फावड्याने चिखल काढत होतो. आल्सीदने त्याला बगळ्याचं प्लायवूड दाखवलं. "हे कुठल्या खिडकीचं?" तो म्हणाला, "ही असली जुनी लाकडं फेकायची, नवीन आणू."
म्हातारा माझ्याकडे वळला.
"स्वयंपाकघर," मी म्हटलं.
"ऐकलंत?" आल्सीद त्याला म्हणाला. "विकलं गेलंय घर."

५ सप्टेंबर
विमा मिळाला. सह्या झाल्या! बॅग रिकामी केली. मग तिचं करायचं काय ते कळेना, म्हणून तिच्यात प्लायवूडचे खिळे भरून ठेवले.
आईला सांगितलं. "जिन्याला पायऱ्या किती?" एवढंच विचारलं तिने.

८ सप्टेंबर
आखातात पुन्हा काहीतरी उठतंय म्हणतात. आईला सांगावं म्हणून फोन उचलला, तर तिचाच आला.
"कोंबड्या विकल्या," म्हणाली.