हनोखचं अक्षर

सिंदी मेघे, वर्धा
४ नोव्हेंबर २०२४

चि. बिन्यामीन यास रिबेकाताईचे अनेक आशीर्वाद.

अलिबागच्या आपल्या सिनेगॉगसाठी तोरा ग्रंथाची नवी गुंडाळी लिहून होत आली, हे वाचून बरं वाटलं. शेवटची अक्षरं ती लिहिणारा सोफेर नुसत्या रेघेने काढून ठेवणार आणि एकेक घर एकेका अक्षरात शाई भरणार. त्यात आम्हा झिराडकरांचंही एक ठेवलंस, तुझा शहाणपणा उतारवयात का होईना दिसला.

ते अक्षर माझ्या हनोखच्या नावाने भर. जिवंतांच्या यादीत, आपल्या रीतीप्रमाणे आईच्या नावाने, रिबेकाचा हनोख असं. मेलेल्यांना बापाच्या नावाने लिहितात, त्या यादीत त्याला ढकलू नकोस. हिंगणीहून बोर धरणाकडे गेलेला पोरगा अकरा वर्षांत सापडला नाही, एवढंच. फोनवर मला रडू येतं म्हणून लिहून कळवते.

मुलांना गोड पापे. लोभ आहेच, तो वाढावा.
तुझी ताई

अलिबाग
१२ नोव्हेंबर

ती. रिबेकाताईस सा. न. वि. वि.

रविवारी अक्षरं भरली. हनोखचं मी भरलं, तू सांगितलंस तसंच. सगळ्यांची शाई तासाभरात वाळली, त्या एकाची नाही. सकाळी पाहतो तर शाई कडांना सरकलेली आणि मधे कोरं चामडं. सोफेरने खरवडून पुन्हा भरलं, तरी तेच. एक अक्षर अपुरं तर सगळी तोरा बाद, तुला ठाऊकच आहे. सोफेरने मला बाजूला घेऊन विचारलं, हा माणूस नक्की आहे ना? म्हटलं, ताईला विचारतो.

रागावू नकोस.
तुझा बेन्या

सिंदी मेघे
१८ नोव्हेंबर

चि. बिन्यामीन यास आशीर्वाद.

रागावले आहे. कुणाला सांगितलं नव्हतं ते आता सांगते. दर शुक्रवारी संध्याकाळी मी मनुकांच्या सरबताचे दोन पेले भरते. आपल्या रीतीने दिवे लावून डोळ्यांवर हात धरते, आशीर्वाद म्हणते. हात काढते तोवर त्याचा पेला रिकामा असतो. तळाशी दोन मनुका, तो लहानपणी टाकायचा तशा. हनोखचा बाप दाऊद गेल्यापासून या घरात मी एकटी आहे.

शेजारचे नत्थूजी, ज्यांनी तेव्हा माझ्याबरोबर सारं जंगल पालथं घातलं, ते परवा म्हणाले, बाई, शुक्रवारी तुमच्या फाटकातून कोणी ओल्या पायानं येऊन राह्यलं, मले अंगणात ठसे दिसते. मग तुझ्या सोफेरला सांग, आहे.

ताई

अलिबाग
२५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि कुणाला दाखवलं नाही. आता अक्षराखालचं चामडंही ओलं होऊ लागलंय. त्याला वास येतो. इथे समुद्र शंभर पावलांवर आहे, पण हा वास खारा नाही. साचलेल्या गोड्या पाण्याचा आहे, शेवाळाचा. ओल शेजारच्या ओळीत उतरली तर दोन वर्षांचं काम जाईल. हन्नामावशी एक्क्याण्णवची आहे, नव्या तोराला हात लावून चुंबन घ्यायचं म्हणून जीव धरून बसली आहे.

ताई, ओल्या पायाने तो किती दिवस येणार? मी मामा आहे त्याचा. मला त्याची दया येते.

तुझा बेन्या

सिंदी मेघे
१ डिसेंबर

चि. बेन्या, आशीर्वाद.

माझं नाव काढ. दाऊदचा हनोख असं लिही.

ताई

सिंदी मेघे
८ डिसेंबर

चि. बिन्यामीन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण शाई वाळली हे मला कळलं. परवा शुक्रवारी दिवे लावले, आशीर्वाद म्हटला. डोळ्यांवरचे हात काढायला या वेळी फार वेळ लागला. त्याचा पेला काठोकाठ भरलेला होता. बाहेर जाऊन पाहिलं, अंगण कोरडं. सकाळी नत्थूजींनी विचारलं, काऊन बाई, काल कोणी आलं नाई काय? मी नाही म्हटलं.

सरबत ओतून द्यायचं जिवावर आलं. बसून मीच प्यायले, मनुकांसकट.

गेलेल्या माणसासाठी कद्दीश म्हणायला दहा पुरुष लागतात आणि वर्ध्यात आपलं माणूस मी एकटीच. तेव्हा नवी तोरा उघडाल त्या दिवशी माझ्या लेकासाठी कद्दीश तू म्हण. हळू म्हणू नकोस. मी इथे दार उघडं ठेवून बसणार आहे.

लोभ असावा, माझ्यावर आणि त्याच्यावरही.
हनोखची आई