चाकावरची लाल रेघ

२३ सप्टेंबर २०२५, मंगळवार

आज पुन्हा! सकाळी हे आंघोळीला शिरले, पाण्याचा आवाज सुरू झाला, आणि मी पदर खोचून पाना घेऊन पिकअपच्या मागच्या चाकाशी. नट पान्यात बसवला, दांड्यावर पाय ठेवला, भिंतीला धरून अख्खं वजन टाकलं. किर्र करून जरासा फिरला. म्हणजे ढिलाच होता ना!

रोज संध्याकाळी गाडी दारात लावली की हे चारही चाकांचे नट तपासतात. जुनी सवय. पारोळ्याजवळ एका ओळखीच्या गाडीचं चाक निखळून शेतात गेलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पण तेव्हा हात धड होता. या उन्हाळ्यात नरडाण्याला पाइपांचं बंडल उतरवताना पडले, उजवं मनगट मोडलं, आत स्टीलची पट्टी बसवावी लागली. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा खुशाल. चालवतात पण झकास! फक्त मूठ पूर्वीसारखी आवळत नाही. परवा लोणच्याची बरणी उघडेना तर म्हणाले, ‘झाकण खराब आहे.’ मी दुसऱ्या खोलीत नेऊन गुपचूप उघडली.

नटांचंही तसंच चाललंय.

सांगू कशी? दवाखान्यातून आले त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून बसलेत — ‘ज्या दिवशी मला माझ्या हाताने चाक कसता येणार नाही, त्या दिवशी गाडी विकून टाकीन.’ आणि हा माणूस बोलला की करतो. गाडी गेली तर घरात बसून वाळून जातील. मला ठाऊक आहे.

२५ सप्टेंबर

पान्यावरून पाय घसरला. पोटरी हिरवीनिळी. ह्यांनी विचारलं तर शिलाई मशीन लागलं म्हणून सांगितलं.

२८ सप्टेंबर, रविवार

आबांना सांगता आलं असतं तर! सासरे आहेत, बैलगाडी हाकण्यात हयात गेली, चाकातलं त्यांना कळतं. पण आमच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून सगळं सासूबाईंच्या मार्फत. त्या गेल्या वर्षी गेल्या, आणि मधलं बोलणारं माणूसच गेलं.

आता आबा दाराकडे बघून विचारतात, ‘च्या व्हयना का?’ मी पातेल्याला सांगते, ‘होतोय.’ लेक कामिनी घरात असली की दोघंही तिच्या डोक्यावरून बोलतो. काल म्हणते कशी, ‘मम्मी, मी काय मोबाइलचा टॉवर आहे का?’ आत्ताशी अकरावीत गेलीय, पण जीभ कधीच पुढे निघून गेलीय.

वाईट नाहीत आबा. मी तापाने पडले होते तेव्हा उशाशी मोसंबी ठेवून गेले होते. न बोलता.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडी धुतली. पुढे झेंडूचा हार, आरशाला आपट्याची पानं. आबांनी पान्याला, जॅकला, चाकांच्या एकेका नटाला कुंकू लावलं. ह्यांनी नारळ डाव्या हाताने फोडला. सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

त्या कुंकवाच्या गर्दीत मी माझं काम उरकलं! कामिनीची लाल नेलपॉलिश घेतली आणि मागच्या चाकाच्या नटांवर बारीक रेघा ओढल्या — नटावरून थेट खालच्या डिस्कपर्यंत. पेट्रोल पंपावर एका मोठ्या ट्रकच्या चाकांना असल्या रेघा पाहिल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला होता, नट जरा जरी हलला तरी रेघ तुटते ताई, लगेच कळतं.

आता कळेल ह्यांच्या हाताने नट किती फिरतो ते. देव करो आणि फिरो.

३ ऑक्टोबर

काल संध्याकाळी ह्यांनी नट कसले. दात-ओठ खाऊन! ते आत गेल्यावर मी जाऊन पाहिलं. रेघ सरळच्या सरळ. केसभरसुद्धा हलला नव्हता नट.

पण खरी गंमत आज सकाळी. पाना घेऊन जाते तर रेघ तुटलेली! आणि ढिल्या बाजूला नाही — घट्ट बाजूला पुढे गेलेली! मी हात लावायच्या आधीच! नट तेलकटही लागला हाताला.

हा चोरावर मोर कोण?

तरी मी वरून थोडा कसलाच. राहवत नाही.

७ ऑक्टोबर

हे हसत घरात आले. हातात शेवभाजीचं पार्सल! कितीतरी दिवसांनी असा चेहरा पाहिला.

नरडाण्याला मागचं चाक पंक्चर झालं. नट सुटेना. ह्यांना सुटेना, पंक्चरवाल्याला सुटेना. शेवटी पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून दोघं लोंबकळले तेव्हा कुठे हलला. पंक्चरवाला घाम पुसत म्हणाला, ‘हाऊ कोना हात शे भाऊ? राक्षसना का?’

‘माझा आहे!’ म्हणून सांगितलं ह्यांनी. तीच मूठ माझ्यासमोर वळून दाखवली. ‘बघ. ताकद आली. मलाच कळलं नव्हतं.’

जेवताना मुद्दाम उजव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलत होते. हात थरथरत होता, ह्यांना दिसत नव्हतं. आबा मान खाली घालून जेवत होते. मीही.

आता नागपूरची भाडी घेणार म्हणाले. शुक्रवारी पहिली खेप. इतके दिवस लांबचं नको म्हणत होते.

मला रडू आलं. शेवभाजी फार तिखट आहे म्हणून सांगितलं मी.

८ ऑक्टोबर

उजाडता उजाडता अंगणात गेले. मागच्या चाकाशी आबा!

धोतर वर खोचलेलं. एका हातात गोडेतेलाची बुधली. एक पाय पान्याच्या दांड्यावर, भिंतीला धरून, अख्खं वजन टाकून. अगदी माझ्यासारखंच!

दोघंही थिजलो. आबांनी हळूच पाय काढला. बुधली पाठीमागे लपवली, चोरून गूळ खाणाऱ्या पोराने लपवावी तशी. मग चाकाकडे बघून म्हणाले, ‘चाकले वंगन लागस. नहीते गंज चढस.’

मी तुळशीला म्हणाले, ‘हो का.’

आणि आत निघून आले!! बोलायचं ते राहूनच गेलं. ‘आबा, मीही रोज कसते’ — एवढं एक वाक्य. जीभच उचलेना. इतक्या वर्षांची सवय, एका सकाळी कशी मोडणार? पण स्वतःचा संताप आला मला. भांडी आपटली. भांड्यांनी काय केलं होतं?

९ ऑक्टोबर

नागपूरच्या आधी गाडी दाखवावी म्हणून रतिलालच्या गॅरेजवर गेलो. मला अस्तराचं कापड घ्यायचं होतं म्हणून मीही बरोबर. रतिलालने मागचा नट सोडायला घेतला आणि — कटाक! नटासकट बोल्टच तुटून पान्यात आला. दुसरा सुटला, पण बोल्ट उजेडात धरून दाखवला त्याने. मधले आटे बारीक झालेले. ताणून ताणून.

‘प्रेमराजभाऊ, रोज कसता का हे?’

‘तपासतो रोज.’

‘हे तपासणं नाही. कोणीतरी नाचतंय यावर. आणि आट्यांना तेल कोणी घातलं? तेल घातलं की पाना फिरतच राहतो, माणसाला वाटतं अजून ढिला आहे.’

हे हसले. ‘हाताचा जोर आहे, रतिलाल!’

रतिलाल नाही हसला. म्हणाला, ‘ढिलं चाक निघतं तसं जास्त कसलेलंही निघतं, भाऊ. भरल्या गाडीत एक बोल्ट गेला असता, मग बाजूचा. पुढचं मी सांगत नाही.’

मी अस्तराची पिशवी घट्ट धरून उभी. अति तिथे माती, हे काय मला कोणी शिकवायचं राहिलं होतं? दिवसभर मशीनवर बसते मी! दोऱ्याचा ताण वाढला की दोरा तुटतो हे शिकायला येणाऱ्या मुलींना रोज ओरडून सांगते. आणि इथे नवऱ्याच्या चाकावर उभी राहत होते. वर आबांची बुधली. एक शब्द बोललो असतो दोघं, तर!

सगळे बोल्ट नवीन घातले. घरी येईपर्यंत हे गुणगुणत होते. उद्या निघणार.

१० ऑक्टोबर

सांगितलं.

हे पाण्याची कॅन गाडीत ठेवत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि बोलून टाकलं — ‘नट मी कसत होते. रोज. तुम्ही आंघोळीला गेलात की.’

हे बघतच राहिले. तेवढ्यात ओट्यावरून आबा म्हणाले, ‘मी बी. पहाटले.’

ह्यांनी उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला, जसा दुसऱ्या कुणाचा असावा. ‘म्हणजे हात आहे तसाच आहे,’ म्हणाले.

मला सांगायचं होतं — मला तुमचा हात नको होता हो, तुम्ही संध्याकाळी परत यायला हवे होतात, बस. हे इथे लिहितेय. तिथे नुसती उभी होते मेली.

फोन करून नागपूरचं भाडं दुसऱ्याला दिलं. जेवले नाहीत.

११ ऑक्टोबर

गाडी विकायला काढली. मंगळवारी धुळ्याचं गिऱ्हाईक येणार. आबा दिवसभर खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गिऱ्हाईक आलं. दीपक नावाचा माणूस, त्याच्या दोन पिकअप आधीच चालतात. चाकाशी वाकला, नवे बोल्ट पाहिले. ‘हे का बदलले? काही झालंय का गाडीला?’

हे आधीच चिडलेले. एकदम उसळले — ‘बाप पहाटे कसतो, बायको सकाळी कसते! माझ्या हातावर कोणाचा भरवसा नाही घरात. म्हणून तुटले.’

मी खिडकीशी होते. लाजेने जीव अर्धा झाला. पण तो दीपक हसायलाच लागला. मग हसता हसता थांबला. म्हणाला, ‘नशीबवान आहात भाऊ. मी इंदूरला गेलो काय आणि पोहोचलो नाही काय, माझ्या घरून फोनसुद्धा येत नाही.’

त्याला चहा दिला. दोन घोट घेऊन हे म्हणाले, ‘राहू द्या. गाडी द्यायची नाही.’ तो बिचारा धुळ्याहून आलेला! पण रागावला नाही. जाताना चाकावरून हात फिरवून गेला.

दुपारी हे रतिलालकडे गेले आणि लांब दांड्याचा एक पाना घेऊन आले. त्यावर आकडे असतात, हवा तेवढा जोर आकड्यावर आधीच ठरवून ठेवायचा, तेवढा भरला की पाना वाजतो. आम्हा दोघांना अंगणात उभं केलं, शाळेतल्या पोरांसारखं. आटे कोरडे पुसले. समोरासमोरचे नट आळीपाळीने घेतले, ओळीने नाही. आणि डाव्या हाताने दांडा ओढला. डाव्या! कोणापासून न लपवता. टक् असा आवाज आला.

‘टक् झालं की थांबायचं,’ म्हणाले. ‘पाय ठेवायचा नाही. तेल घालायचं नाही. कसणार मी एकटा. तुम्ही दोघं रेघ बघायची. आणि काय दिसलं ते तोंडाने सांगायचं! समजलं?’

आबांनी मान हलवली. मीही. कामिनीने नवी नेलपॉलिश आणून दिली, ‘आता माझी परत घ्यायची नाही,’ म्हणत.

संध्याकाळी लोणच्याची बरणी माझ्यापुढे सरकवली ह्यांनी. ‘उघड,’ म्हणाले.

१६ ऑक्टोबर

सकाळी चहा टाकत होते. आबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबले. दाराकडे नाही, पातेल्याकडे नाही — माझ्याकडे बघितलं.

‘सुलक्षणा,’ म्हणाले, ‘रेघ जागावर शे.’