बाबांच्या सहाशे अकरा फाइली

३ मार्च

बाबांचा लॅपटॉप आज उघडला. ते वारले त्याला एकवीस दिवस झाले.

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, तेव्हापासून टाइप करूनच बोलायचे. स्क्रीन माझ्याकडे वळवायची, मी वाचायचं. रोजची एक फाइल. 1.txt पासून 611.txt पर्यंत. एकेक उघडायचा धीर होत नाही. सगळ्या एकत्र करून टाकते — एका ओळीचं काम!

cat *.txt > ekatra

४ मार्च

माती खाल्ली! १ नंतर १० आली, मग १००. २ कुठच्या कुठे! बाबा क्षणात इस्पितळात, क्षणात घरी कपाट आवरतायत. कॉम्प्युटर आकडेही अक्षरांसारखेच लावतो — ऑफिसात नवख्यांना मीच शिकवते हे. आधी नावं आकड्यांच्या क्रमाने लावली, मग जोडली:

cat $(ls -v *.txt) > ekatra

आता बरोबर.

५ मार्च

रजा टाकली. वाचतेय. "मीठ कमी." "पंखा बंद कर." "ओरडू नकोस गं, आवाज गेलाय, कान नाही!"

खळखळून हसले. मग मी काय ओरडले होते, ते शोधायला लागले.

माझी उत्तरं कुठेच नाहीत. मी तोंडाने बोलायचे ना.

६ मार्च

आत्याचा फोन. "एकटी काय करतेस?" फाइली जोडतेय म्हटलं. "कशाला?"

आवाज तुटतोय म्हणत फोन ठेवला.

७ मार्च

चारशेव्या फाइलीच्या पुढे काही ओळी माझ्यासाठी नाहीत. "बसा ना." "ती सातला येते." "आज उशीर केलात?" बाबा मला अहोजाहो कधीपासून करायला लागले!

मला वाटायचं, दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. त्या विचाराने रोज धावत घरी यायचे. कोण येत होतं? मला का नाही सांगितलं? पुढे वाचलंच नाही. रुसले — कुणावर, देव जाणे.

८ मार्च

खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई आल्या. जिन्यात मान हलवण्यापुरती ओळख. आत येईनात.

"शेवटच्या दिवशी त्यांनी मला लग्नाचं विचारलं होतं. मी म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी वर आले, तर तुमच्या दारात माणसं जमलेली."

"काय सांगणार होतात?"

"हो." मग हळूच, "त्यांनी विचारलेलं... ते आहे का हो त्यांच्या लॅपटॉपमध्ये?"

मी अजून तिथवर पोहोचले नव्हते. त्यांना आत बसवून ६११ उघडून दिली, आणि जिन्यात जाऊन बसले.