बैल पाहायला नेलं

जऊळका, ३ फेब्रुवारी २०२५

चि. देवानंदास रूपलादादाचे अ. आ.

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून कागद घेतला. माझ्या टायरच्या दुकानातला आहे, वंगणाचा डाग चालवून घे.

तुझ्या वकीलबाई, साधना मॅडम, भेटल्या. संत्री नेली होती, घेतली नाहीत. गोडीगोडीनं विचारलं, भाऊ काय म्हणतो? म्हणाल्या, मी त्यांची वकील आहे, तुमची नाही. सरकारनं फुकट दिलेली वकील, पण तोंड शिवलेलं. तुमी दोघं बोलत असताना दाराला कान लावला, तर त्यांनी दारच उघडलं.

शिरपूरला बैल पाहायला जाऊ म्हणून जीपमध्ये बसवलं आणि अकोल्याच्या मानसिक आजाराच्या दवाखान्यात उतरवलं, याचा राग आहे तुला. पण तू रेल्वेच्या रुळावर बसून होतास, देवा. मी काय करणार होतो? सुटकेचं ठरवणाऱ्या मंडळापुढं घरी जातो म्हणू नको. अगोदर पुरता बरा हो.

मायला एवढंच सांगितलंय, की तू बैलाच्या सौद्यात अडकला. ती रोज गोठा झाडते.

तू रागावलास तरी तुझाच,
रूपला

अकोला, ११ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

गोळ्यांनी सगळं लांबून ऐकू येतं. राग नाही. काहीच नाही.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत एकच विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? मला लवकर सांगता येईना. त्या थांबल्या. मी इथंच राहावं असं त्यांनाही वाटत होतं, तोंडावर दिसत होतं. तरी मंडळापुढं त्यांनी माझंच म्हणणं मांडलं, यांना घरी जायचंय. बैल पाहायचं सांगून आणलं, तेही सांगितलं. डॉक्टरांचं ऐकून मंडळानं मला मोकळं केलं.

मी गेलो नाही. आता माझ्या मर्जीनं राहिलोय. जाऊ म्हटलं तर जाता येतं, म्हणून झोप लागते. रुळावर कायले बसलो ते डॉक्टरांना थोडं सांगितलं. तुला अजून नाही.

येईन तेव्हा एसटीनं येईन. जीप आणू नको.

मायला जप. आठवण असू दे.
देवानंद

जऊळका, १७ फेब्रुवारी

चि. देवानंदास अ. आ.

जीप आणत नाही.

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं, बैलासकट. वाटलं, रडेल, मला बोलेल. ती नव्या बैलासाठी काढलेलं दावं गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्याले पहिलेच काहून नाही इचारलं?"

मी चप्पल घातली आणि दुकान उघडायला गेलो.

तुले काय पाहिजे, ते लिही. काही नको असलं तर तेही लिही.

तुझा दादा