सैल करदोडा

४ नोव्हेंबर
राजूरला पोचलो, पहिलीत जाणारी माझी तृप्ती आणि मी. दोन खोल्या, दारात नळ, आणि नळाला चक्क पाणी. आष्टीहून निघताना टेम्पोवाल्यानं माझ्या कुंड्या पाहून विचारलं, घर हलवताय का रान. तृप्ती खिदळली, मीही हसले. बरं वाटलं, म्हणजे वाटलं असावं. दोन वर्षांपासून मला काय वाटतं ते जरा उशिरानंच कळतं. राधेश्याम पुण्याला कंपनीत असतो, हे काम नवऱ्याच्या हक्कानं त्यानंच शोधून दिलं. उद्यापासून गावाबाहेरच्या बालस्मृती बागेची देखरेख माझ्याकडे. रोपवाटिकेत सात वर्षं काढली आहेत, झाडं मला कळतात.

५ नोव्हेंबर
बाग सुरेख आहे. गेलेल्या प्रत्येक लेकरामागं एक झाड, अशी एकतीस. बकुळ, कडुनिंब, सीताफळ, करंज. खाली नावाची पाटी. आईबाप येतात, पाणी घालतात, बाकावर बसतात, उठून जातात. कुणी रडत नाही. मला अशी माणसं आवडतात.

एकच गोष्ट खटकली. प्रत्येक खोडाला काळा करदोडा, लेकरांच्या कमरेला बांधतात तोच. झाड वाढतं तसा दोरा सालीत रुततो. जुने माळी कारभारीमामा म्हणाले, दरसाली आईबाप येऊन सैल करत्यात, आपुन हात लावायचा न्हाई. मी ऐकून घेतलं. रोपवाटिकेत कुणी असा दोरा ठेवला असता तर मी त्याची बिनपाण्यानं केली असती.

७ नोव्हेंबर
मामा गावाला गेले होते. कात्री घेतली आणि सगळे दोरे कापले. एका लहान करंजाला पाटीच नव्हती, त्याचाही कापला. पुडा करून घरी आणला. झाडं मोकळी झाली. शाळा सुटल्यावर तृप्ती बागेतच येते. आज ती त्या करंजापाशी एकटीच गप्पा मारत खेळली.

९ नोव्हेंबर
मामा आले, एकेक खोड चाचपत फिरले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ताई, करदोडा हाय तंवर लेकरू जागेला ऱ्हातं. सुटलं की सोबती धुंडतं. आता जल्दी समद्यांला निरोप धाडतो. जन्म दिलेल्यानंच बांधायचा, आन् नाव घेऊन. ज्याचं नाव घेतलं ते झाडापाशी बसतं.

मला लाज वाटली, भीती नाही. संध्याकाळी आंघोळ घालताना तृप्तीचा करदोडा घसरून मांडीवर आला. परवाच दिवाळीत मी घट्ट बांधला होता. पुन्हा आवळला.

१३ नोव्हेंबर
सगळे येऊन बांधून गेले. हसनाबादच्या गोपिकाबाईंनी पुड्यातून आपल्या लेकीचा दोरा मण्यावरून बरोबर ओळखला. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, माझी पोर चार दिस घरी आल्ती, बाई, चुलीपाशी बसून राह्यली व्हती, मंग तुला काय बोलू. लेकीचं नाव घेतलं, गाठ मारली आणि गेल्या.

पुड्यात एक दोरा उरला. करंजाचा. ते झाड कुणाचं, मामांनाही ठाऊक नाही.

तृप्तीचा करदोडा चार बोटं सैल. डॉक्टर म्हणाले, वजन बरोबर आहे.

१५ नोव्हेंबर
सहा बोटं. ती अंथरुणाच्या कडेला झोपते, मध्ये जागा सोडून. कुणासाठी, विचारलं. त्याला कडेला भीती वाटते, म्हणाली. मी भाकरी केल्या, भांडी घासली. घाबरायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर
राधेश्यामला फोनवर करंजाचं सांगितलं. तो म्हणाला, ते झाड आपल्या धाकट्याचं आहे. गेल्या वर्षी चतुर्थीला एकटाच येऊन लावलं. तुझ्यासमोर त्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून पाटी नाही. दोरा त्याच्याच कमरेचा होता.

खरं आहे. मुलगा गेल्यापासून मी त्याचं नाव घेतलेलं नाही, घरात कुणाला घेऊ दिलं नाही. या वहीतही नाही. राधेश्याम परवा पोचेल, तोवर थांब म्हणाला.

१७ नोव्हेंबर, सकाळ
करदोडा कमरेवर थांबतच नाही. तिचा दंड माझ्या दोन बोटांत मावतो. ती हसते आहे, शेजारी बघून — मला आता भीती वाटते. खरीखुरी. उद्यापर्यंत ती —

नाही. मीच बांधते.

दुपार
बागेत. तृप्ती समोर बाकावर. दोरा हातात. वाटभर नाव घोकत आले. रामप्रसाद. रामप्रसाद. लिहिता तरी आलं. माझं तीन वर्षांचं लेकरू.

बांधला. पक्की गाठ. नाव घेतलं आणि —

दोन वर्षं या तोंडाला एकच हाक ठाऊक. तीच तोंडातून गेली. तृप्ती म्हणाले मी. तृप्ती.

गाठ सुटत नाही. कात्री घरी. दातांनी —

बाकावर तिचा करदोडा पडलाय, गाठीसकट. हाका मारते आहे. ओ येते. करंजाकडून. दोघांची —